बॅथोलिथ
बॅथोलिथ : खोल भूकवचात शिलारस थिजून बनलेली, सामान्यतः १०० चौ. किमी. पेक्षा अधिक क्षेत्रात उघडी पडलेली अग्निज खडकांची प्रचंड राशी. अशा राशींतील ग्रॅनाइट आद्य सागरातून निक्षेपित झाला, असे व्हेर्नर यांचे अनुयायी मानीत. १७८५ मध्ये जेम्स हटन यांना स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट येथे तांबड्या ग्रॅनाइटाच्या शिरा काळ्या अभ्रकी सुभाजा खडकात घुसलेल्या आढळल्या. त्यांचा हर्ष पाहून वाटाड्यांना सोन्याचांदीची शीर सापडली असे वाटले! घुसणारा खडक नंतरचा व एके काळी द्रवरूप असणार. ग्रॅनाइटाच्या आद्यत्वाला यामुळे जबर धक्का बसला. बॅथोलिथ ही संज्ञा मात्र सुमारे शंभर वर्षांनी एडूआर्ट झ्यूस यांनी रूढ केली. ग्रॅनाइट घन खडकांच्या रूपांतरणाने बनतो काय, हा वाद विसाव्या शतकात पुन्हा पेटला. टटल व बोएन यांच्या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी शिलारसाची बाजू बळावली.