काळा समुद्र धान्य करार

युद्धामुळे बंद पडलेल्या युक्रेनच्या बंदरांतून धान्य बाहेर काढण्यासाठी २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूल येथे झालेला करार. रशिया आणि युक्रेन यांनी एकाच कागदावर सही केली नाही. दोघांनी तुर्कस्तान व संयुक्त राष्ट्रे यांच्याबरोबर स्वतंत्र सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रे पडली, तरी करार टिकला. १७ जुलै २०२३ रोजी रशिया बाहेर पडल्याने तो संपला.

पार्श्वभूमी : युद्धापूर्वी जगाच्या गहू निर्यातीत रशिया व युक्रेन या दोन देशांचा मिळून सुमारे ३० टक्के वाटा होता, सूर्यफूल तेलाच्या निर्यातीत एकट्या युक्रेनचा जवळपास निम्मा. २४ फेब्रुवारी २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर नाकेबंदी आणि पाण्यातील सुरुंग यांमुळे जहाजे थांबली व दोन कोटी टनांहून अधिक धान्य कोठारांत अडकले. पीक निघालेले होते, गिऱ्हाईकही होते. वाट तेवढी तुटली होती. केवळ उत्पादनाचे आकडे पाहणाऱ्याला ही टंचाई कळणार नाही. मार्चमध्ये अन्न व कृषी संघटनेचा अन्नकिंमत निर्देशांक तोवरच्या उच्चांकावर गेला. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची, १३ मे रोजी भारताने गव्हाची निर्यात रोखली. भारतात त्या वर्षी मार्चमधील उष्णतेने गहूही होरपळला होता. सूर्यफूल तेलासाठी भारत मुख्यतः युक्रेनवर विसंबून होता. सोलापूर–लातूर–धाराशिव पट्ट्यात एकेकाळी सूर्यफूल भरपूर पेरले जाई. ते क्षेत्र बरेचसे सोयाबीनखाली गेले, हे येथे नोंदवायला हवे.

तपासणी : कराराचे खरे यंत्र इस्तंबूलच्या संयुक्त समन्वय केंद्रात होते. ओडेसा, चोर्नोमोर्स्क व पिव्देन्नी या तीनच बंदरांना मुभा होती. प्रत्येक जहाज जाताना आणि येताना बॉस्पोरसजवळ नांगर टाकून थांबे. रशियन, युक्रेनी, तुर्की आणि संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक एकाच पथकातून जहाजावर चढत. खलाशांची यादी पडताळत, माल आणि कोठ्या पाहत. घरी युद्ध पेटलेले असताना ही माणसे एकत्र काम करीत होती. हे काम वर्षभर चालले, याचे मोल फार मोठे आहे. पहिले जहाज ‘राझोनी’ १ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे २६ हजार टन मका घेऊन लेबनॉनमधील त्रिपोलीकडे निघाले. तेथील खरेदीदाराने पाच महिन्यांच्या विलंबामुळे माल नाकारला. पुढे तो कोठे उतरला याविषयी वृत्तांत जुळत नाहीत. २०२३ मध्ये रोजच्या तपासण्या घटल्या आणि रांगा वाढल्या. जबाबदारी कोणाची, यावर दोन्ही पक्षांची मते भिन्न आहेत.

लाभ : वर्षभरात सुमारे ३.३ कोटी टन शेतमाल गेला. त्यात निम्म्याहून अधिक मका. सर्वांत मोठा ग्राहक चीन. गरीब देशांना फारच थोडे मिळाले, हा रशियाचा आक्षेप. भाव उतरल्याने लाभ सर्वांनाच झाला, ही संयुक्त राष्ट्रांची बाजू. जागतिक अन्न कार्यक्रमाने या मार्गाने सव्वासात लाख टन गहू अफगाणिस्तान, इथिओपिया, येमेन आदी देशांसाठी नेला.

विमा : युद्धजोखमीचे हप्ते चढे राहिले.

पर्यायी वाटा : युरोपीय संघाने मे २०२२ पासून रेल्वे, रस्ते व डॅन्यूब नदीतून मार्ग काढले. युक्रेनचे रूळ १५२० मिलिमीटर रुंदीचे, शेजारच्या पोलंडचे १४३५. त्यामुळे सीमेवर वाघिणींची चाके बदला, नाहीतर सगळे धान्य दुसऱ्या वाघिणीत ओता. पोलंडमधील शेतकऱ्यांनी स्वस्त धान्याविरुद्ध आंदोलने केली. करार संपल्यावर ऑगस्ट २०२३ पासून युक्रेनने रुमानिया–बल्गेरियाच्या किनाऱ्यालगत स्वतःचा मार्ग उघडला.

साठवण : आयातीवर जगणाऱ्या देशाला वाट तुटल्यावर किती दिवस काढता येतील, हे कोठारांवर ठरते. बैरूत बंदरातील सायलो ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात उद्ध्वस्त झाले. त्यानंतर लेबनॉनजवळ जेमतेम महिनाभराचा गहू ठेवण्याची सोय उरली. पडक्या सायलोंत राहिलेले धान्य आंबून जुलै २०२२ मध्ये पेटले आणि ३१ जुलै रोजी त्यांचा एक भाग कोसळला. दुसऱ्या दिवशी ‘राझोनी’ने ओडेसा सोडले.