काळ्या पट्टीची गोष्ट

शनिवारी ड्रॉवर आवरताना कॉलेजात असतानाचं एटीएम कार्ड सापडलं. चिप नाही, मागे नुसती काळी पट्टी. फेकणारच होतो, पण डोक्यात किडा वळवळला: ह्या पट्टीत असतं तरी काय?

तर मंडळी, कॅसेटच्या टेपवर असतो तसाच हा चुंबकीय कणांचा थर. 1960च्या दशकात आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरी ह्या इंजिनिअरला टेप कार्डावर नीट चिकटवता येईना, तेव्हा बायकोने इस्त्रीची युक्ती सुचवली, असं आयबीएम सांगते.

पट्टीवर तीन ट्रॅक. एटीएमचं काम मुख्यतः दुसऱ्यावर भागतं. जास्तीत जास्त 40 अक्षरं, प्रत्येकी 5 बिट, म्हणजे उणेपुरे 200 बिट. एका एसएमएसपेक्षाही कमी! त्यात कार्ड नंबर, मुदत आणि पडताळणीचे काही आकडे. प्रत्येक बिटाला सारखी जागा. जागेच्या सुरुवातीला चुंबकाची दिशा उलटते; मध्यावर पुन्हा उलटली तर 1, नाहीतर 0. म्हणून कार्ड हळू ओढा की जोरात, मशीनला वाचता येतं.

गोची पुढेच आहे. हा मजकूर दरवेळी तोच. कोऱ्या कार्डावर तो उतरवला की मशीनला अस्सल आणि नक्कल सारखीच. मग भरवसा कशावर? बँकेच्या स्विचवर. पिन तपासणं, शिल्लक बघणं आणि "द्या पैसे" म्हणणं, हे सगळं तिकडे.

आणि नेमकं तिथेच आपल्या पुण्यात घाव बसला. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. 1906 साली स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोरांनी बनावट स्विच बसवला होता. नकली कार्डांवरच्या मागण्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचल्याच नाहीत. बनावट स्विचच "हो" म्हणत राहिला. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 12,000 व्यवहारांत 78 कोटी गेले, भारतातून अडीच कोटी. 13 तारखेला स्विफ्टमार्गे आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगला. एकूण 94 कोटींवर! 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 11 जणांना शिक्षा सुनावली. ते बहुतेक एटीएमवर जाऊन पैसे काढणारे आणि त्यांचे साथीदार.

पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला रिझर्व्ह बँकेने 2018 अखेरची मुदत आधीच दिली होती. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा बनवते, त्यामुळे तिची नक्कल करणं फार अवघड. पण मला वाटतं, खरा धडा कार्डाचा नाहीच. "हो" म्हणणाराच फितूर झाला तर चिप तरी काय करणार? आपण कोड लिहिताना यूझरचा इनपुट शंभरदा तपासतो. आपल्याच सर्व्हरकडून आलेलं उत्तर किती वेळा तपासतो?

असो. कार्ड कात्रीने कापलं, पट्टीचे चार तुकडे करून. 200 बिट का होईनात, कुणाच्या हाती लागायला नकोत.