पिकअप ट्रक, डीझेल

चालकाच्या बंदिस्त कक्षामागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालमोटारीस पिकअप म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शेतकरी, घोडे पाळणारे, बांधकाम कंत्राटदार आणि चाकांवरचे घर घेऊन हिंडणारी कुटुंबे यांनी जड ट्रेलर ओढण्यासाठी या वाहनाचा डीझेल प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत स्वीकारला. इंधनाची बचत हे या बदलाचे निमित्त होते. तो टिकला मात्र डीझेल एंजिनाच्या कमी वेगावरील ओढीमुळे.

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी मोटारगाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकावयास काढली. तेव्हापासून सु. अर्धशतक अमेरिकन पिकअप प्रामुख्याने पेट्रोलवरच चालत आली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर कारखानदार डीझेलकडे वळले आणि १९७८ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोलेट पिकअपमध्ये ओल्ड्समोबिलचे ५.७ लिटरचे, १२० अश्वशक्तीचे डीझेल एंजिन बसविले. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. हा दाब पेट्रोल एंजिनातील दाबाच्या दुपटीहून अधिक असतो. या एंजिनाचा ठोकळा मजबूत केलेला असला, तरी त्यावरील माथा धरून ठेवणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल एंजिनाचीच ठेवली होती. बोल्ट ताणले जात, गॅस्केट फुटे आणि शीतक सिलिंडरात शिरे. इंधनातील पाणी वेगळे काढण्याची सोयही नसल्याने अंतःक्षेपण पंप गंजत. १९८५ मध्ये हे उत्पादन बंद झाले, पण ग्राहकांच्या मनात डीझेलविषयी बसलेली अढी त्यानंतरही बराच काळ राहिली.

जनरल मोटर्सचे ६.२ लिटरचे (१९८२) आणि फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून घेतलेले ६.९ लिटरचे (१९८३) ही एंजिने अधिक टिकाऊ होती. परंतु त्यांना कारखान्यातून टर्बोचार्जर मिळत नसे व जड ट्रेलरसह चढण चढताना त्यांची दमछाक होई. खरे वळण मिळाले ते १९८९ च्या डॉज पिकअपमुळे. तीत बसविलेले कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे बी मालिकेतील एंजिन मुळात मोटारीचे नव्हतेच; ते शेतीची व बांधकामाची यंत्रे आणि मध्यम मालमोटारी यांच्यासाठी बनविले होते. एका रांगेत सहा सिलिंडर, त्यांत सरळ इंधन अंतःक्षेपण व टर्बोचार्जर अशी त्याची रचना होती. त्याची शक्ती अवघी १६० अश्वशक्ती असली, तरी दंड फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मिनिटास सु. १,७०० फेऱ्यांनाच ५४० न्यूटन-मीटरपर्यंत पोहोचे. जड ट्रेलर जागचा हलविताना आणि लांब चढणीवर हा दुसरा आकडाच उपयोगी पडतो. कमिन्स हे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ मध्ये स्थापन झाली. बी मालिकेची एंजिने पुढे जमशेटपूर येथे टाटांच्या मालमोटारींसाठीही तयार होऊ लागली.

अशा गाडीची मालकी म्हणजे देखभालीची शिस्तच होय. ठिणगी-प्लग बदलण्याचा त्रास नाही. उलट वंगण तेल एका वेळी ११ ते १४ लिटर लागते आणि इंधन गाळणीतील पाणी नियमित काढावे लागते. फोर्डच्या जुन्या एंजिनांत सिलिंडरच्या भिंती कंप पावल्याने शीतकात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटत. त्यांच्या आघाताने भिंतींना बाहेरून खड्डे पडत व अखेर आरपार छिद्र पडे. शीतकात विशिष्ट रसायन वेळोवेळी घालणे एवढाच त्यावर उपाय होता. तो न केल्यास एंजिन निकामी होई. डॉजमध्ये १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपण पंप आला. इंधन हेच त्याचे वंगण व शीतक असल्याने टाकीकडून इंधन पुरविणारा छोटा पंप मंदावला की हा महागडा पंपही जळे. म्हणून जाणते मालक इंधनदाब दर्शविणारा काटा स्वतः बसवून घेत.

ओढण्याइतकेच थोपविणेही महत्त्वाचे असते. मागील आकड्यास जोडलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार आकड्यावर यावा लागतो. तो कमी पडल्यास ट्रेलर झोके घेऊ लागतो. हौद्यातील जोडणीत हे प्रमाण १५ ते २५ टक्के असते. पारंपरिक डीझेल एंजिनात हवेचा मार्ग अडविणारी झडप नसल्याने उतारावर ते गाडीस फारसे रोखत नाही. त्यामुळे ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक हवेत, तसेच एंजिनातून बाहेर पडणारा वायू कोंडणारा ब्रेकही उपयोगी पडतो. ओढक्षमतेचे आकडे कारखानदार दीर्घकाळ आपापल्या सोयीने जाहीर करीत. २००८ मध्ये अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने समान कसोटी ठरविली. तिच्यातील एक परीक्षा ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळच्या सु. १८ किमी. लांबीच्या चढणीवर आधारलेली असून ती वातानुकूलन यंत्र चालू ठेवून द्यावी लागते.

२००६ पासून डीझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १५ भागांवर आणले गेले. त्यानंतर काजळी धरणारी गाळणी (२००७) आणि सु. २०१० पासून नायट्रोजन ऑक्साइडे कमी करणारी यूरिया विद्रावाची यंत्रणा पिकअपमध्ये आली. गाळणी तापली म्हणजे तिच्यातील काजळी जळून जाते. म्हणून सतत ओझे ओढणाऱ्या गाडीस ती क्वचितच त्रास देते; बाजारहाटापुरत्या फिरणाऱ्या गाडीत मात्र वारंवार तुंबते. दुरुस्तीच्या खर्चाने व अधिक शक्तीच्या हव्यासाने अनेकांनी ही साधने काढूनच टाकली. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० मधील अंदाजानुसार आधीच्या दशकात अशा पिकअपांची संख्या साडेपाच लाखांवर गेली होती. दोष केवळ मालकांचा नव्हता. रॅम पिकअपांच्या एंजिनांत प्रदूषण-नियंत्रण निष्प्रभ करणारी आज्ञावली बसविल्याच्या आरोपावरून, चूक मान्य न करता, कमिन्स कंपनीने २०२४ मध्ये १६७.५ कोटी डॉलर दंड देण्याचे आणि २०१३ ते २०१९ या वर्षांच्या सहा लाखांहून अधिक गाड्या परत बोलावून सुधारण्याचे मान्य केले.