मांगणियार: थारच्या वाळवंटातले मुस्लिम लोकगायक

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर 2007 पासून शरद पौर्णिमेच्या सुमारास ‘जोधपूर रिफ’ हा लोकसंगीताचा महोत्सव भरतो. रंगीत फेटे बांधून, मांडीवर गोल पोटाचं तंतुवाद्य घेऊन बसलेले जे कलाकार तिथल्या फोटोंत हमखास दिसतात, ते मांगणियार. त्यांच्याबरोबर लंगा कलाकारही असतात. दोन्ही जमाती मुस्लिम. आम्ही वर्गात त्यांचा व्हिडिओ दाखवला तेव्हा एका मुलीने लगेच विचारलं, “सर, हे मुसलमान आहेत ना? मग कृष्णाचं गाणं का म्हणतात?” हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो, म्हणून इथे जरा सविस्तर माहिती देत आहोत.

मांगणियारांची वस्ती मुख्यतः राजस्थानातल्या जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत, आणि सीमेपलीकडे सिंधमधल्या थारपारकर भागात. गाणं हाच त्यांचा पिढीजात धंदा. प्रत्येक घराचे यजमान ठरलेले असतात, त्यांना तिकडे ‘जजमान’ म्हणतात. हे जजमान बहुतांश राजपूत, काही इतर हिंदू जातींचे. आपल्याकडच्या बलुतेदारीसारखीच ही पद्धत समजा. जजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न निघालं की मांगणियाराने जायचं आणि त्या प्रसंगाचं गाणं म्हणायचं. त्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ ठेवायची, स्तुतीचे ‘शुभराज’ म्हणायचे. बदल्यात धान्य, जनावर, कपडे, रोकड. आता राजपुतांच्या लग्नात देवादिकांची गाणी येणारच, तीही हेच गातात. आणि तोच गळा महफिलीत बुल्लेशाह, शाह अब्दुल लतीफ यांचे कलाम म्हणतो. त्या मुलीला आम्ही एवढंच सांगितलं की, ज्याच्या घरी ते गातात, त्याच्या घरचं गाणं गातात. लंगांचे जजमान मात्र सिंधी सिपाही, म्हणजे मुस्लिमच. लंगांची ओळख सिंधी सारंगीवर.

‘मांगणियार’ म्हणजे मागणारा. हे नाव त्यांच्यातल्या काहींना खटकतं, ते स्वतःला ‘मिरासी’ म्हणवतात. उर्दू वाचणाऱ्यांना अर्थ लगेच लागेल: मीरास म्हणजे वारसा. आपल्या मराठीतला ‘मिरासदार’सुद्धा याच शब्दातून आलेला. (पंजाबकडे ‘मिरासी’ हा शब्दही हिणवण्यासाठी वापरतात, हे वेगळंच.)

त्यांचं खास वाद्य म्हणजे कमायचा. आंब्याच्या लाकडाचं पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा आतड्याच्या आणि झंकारासाठी खाली पोलादी तारा. गजाने वाजवतात. आवाज सारंगीपेक्षा जाड, घशातून आल्यासारखा. आता कमायचा बनवणारे हात थोडे उरलेत आणि साथीला सगळीकडे पेटी आली आहे. दुसरं वाद्य खडताल. आपल्या कीर्तनातल्या चिपळ्यांना झांजा असतात, हिला नसतात. शिसवीच्या चार सपाट पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन. बघायला सोपं दिसतं. आमच्या वर्गातल्या पोरांनी फूटपट्ट्या घेऊन करून पाहिलं, दोन मिनिटांत बोटं सुजली!

जजमानाच्या अंगणातून हे गाणं स्टेजवर आणण्यात मोठा वाटा कोमल कोठारी यांचा. 1960 मध्ये त्यांनी विजयदान देथा यांच्यासोबत बोरुंदा गावात रूपायन संस्था काढली, गावोगाव फिरून गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कलाकारांना परदेशापर्यंत नेलं. पुढे 2006 मध्ये रॉयस्टन एबल यांनी लाल पडद्यांच्या खणांत चाळीसहून अधिक कलाकार बसवून ‘मांगणियार सिडक्शन’ हा प्रयोग बसवला. हमीरा गावचे कमायचावादक साकर खाँ यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, गायक अन्वर खाँ यांना 2020 मध्ये, सिंधी सारंगीवाले लाखा खाँ यांना 2021 मध्ये. 2022 मध्ये मामे खाँ कानच्या रेड कार्पेटवर चालले, हे बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल.

पण पद्मश्रीने गावातली पायरी बदलत नाही. सप्टेंबर 2017 मध्ये जैसलमेर जिल्ह्यातल्या दांतल गावात नवरात्रात देवीपुढे गाताना एका मांगणियार गायकाचा राग नीट लागला नाही म्हणून त्याला मारहाण झाली आणि त्यात तो गेला, असा आरोप झाला. गावातली मांगणियार कुटुंबं घरदार सोडून निघून गेली. ‘हिंदू-मुस्लिम एकतेचं सुरेल उदाहरण’ असं या जमातीबद्दल लिहिणं सोपं आहे, आणि त्यात खोटं काही नाही. पण जजमान बसतो खाटेवर आणि गाणारा खाली, हेही त्याच गाण्यातलं आहे. महोत्सवात तेच कलाकार उंच स्टेजवर असतात आणि ऐकणारे खाली, म्हणूनही त्यांना महोत्सव हवा असतो असं आम्हाला वाटतं.

बायकांचं गाणं मात्र अजून बरंचसं घरातच आहे. समारंभात त्या गातात, पण परक्यांसमोर स्टेजवर बसायची रीत नव्हती. ती मोडली बाडमेरच्या रुकमाबाईंनी. पोलिओमुळे पाय अधू. ढोलक पुढ्यात घेऊन त्या बसायच्या आणि स्वतःच ठेका धरून गायच्या. जमातीतून नाराजी झाली, तरी त्या थांबल्या नाहीत. 2011 मध्ये त्यांचं निधन झालं.