सहाणेवरील हात

पॅरिसमध्ये सुऱ्या-वस्तरे घडविणाऱ्या जाँ-जाक पेरे याने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. त्यात सहाणेची पारखही आली; कारण धार लावता येत नसेल, तर हाती वस्तरा असूनही माणूस परावलंबीच.

वस्तऱ्याची जाड पाठ व धार सहाणेवर एकाच वेळी टेकतात. धारेचा कोन त्या पाठीवरूनच ठरतो. सहाण मध्ये खोलगट झाली, अथवा हाताचा भार एकीकडे पडला, की धारेलगतचा उतार कोठे रुंद, कोठे अरुंद होतो. उपाय जोर वाढविण्यात नाही. सहाण सपाट करून हलक्या, समतोल हाताने घासण्यात आहे.

१९०३ साली अमेरिकेत जिलेटची फेकून देण्याजोगी पाती विक्रीस आली. दाढी घरीच राहिली. धार मात्र कारखान्याच्या हाती गेली.