एकच तार, दोन कंपन्या

विजेचे बिल घरात आले की आपण साधारण दोनच गोष्टी पाहतो. किती भरायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत भरायचे. बिलाच्या माथ्यावर कंपनीचे नाव छापलेले असते, पण ते कोणी वाचत नाही, कारण ते बदलता येईल असे मनातच येत नाही. दूधवाला बदलता येतो, वाणी बदलता येतो, फोनची कंपनी बदलता येते. वीज मात्र ज्याची तार दारात आली त्याची. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हे खरेच आहे. पण मुंबईच्या उपनगरात, म्हणजे वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि पूर्वेकडे चेंबूर-घाटकोपरच्या बाजूला, २००९ सालापासून घरगुती ग्राहकाला दोन कंपन्यांचे दर समोर ठेवून त्यातली एक निवडता येते. ही सोय आली त्यामागे १९०७ सालचा एक कागद आहे. आज त्या कागदाची गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात मात्र त्याच्याही आधीपासून करायला हवी. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते ऑक्टोबर १८६५ मध्ये. लालबागच्या एका गल्लीच्या नावात 'गॅस कंपनी' हे शब्द अजून टिकून आहेत. पुढे १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले आणि मुंबईकरांनी वीज प्रथम पाहिली. दुसऱ्या वर्षी नगरपालिकेने 'ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी'शी करार केला. मार्केटात आणि काही रस्त्यांवर कंपनीने विजेचे दिवे लावायचे असे ठरले. वर्षभरात कंपनीचे दिवाळे वाजले आणि मार्केट पुन्हा गॅसच्या उजेडात आले. म्हणजे पुरवठादार बदलण्याचा या शहरातला पहिला प्रयोग नगरपालिकेनेच केला आणि तो तिच्या अंगाशी आला. गॅस जुना होता, पण त्याची कंपनी जागेवर होती.

त्यानंतर वीस वर्षे विजेच्या योजना येत-जात राहिल्या. शेवटी १९०५ साली परवाना मिळाला आणि 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी' उभी राहिली. आजच्या 'बेस्ट'चे हे मूळ. तिने जुनी ट्राम कंपनी विकत घेतली, वाडीबंदरला वीजघर उभारले आणि १९०७ च्या मे महिन्यात घोडे सोडवून ट्राम विजेवर चालवली. शहरात वीज पुरवण्याचा आणि ट्राम चालवण्याचा मक्ता तिच्याकडे होता. आज मक्तेदारी म्हटली की आपल्या कपाळाला आठी पडते. त्या काळी मात्र तो विचार अगदीच चुकीचा नव्हता. रस्ता खणून केबल टाकायला अफाट खर्च येतो. एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी दोन केबली टाकल्या, तर दोन्हींचा खर्च शेवटी त्याच गल्लीतल्या घरांकडून वसूल होणार. दर सरकारने बांधून द्यावेत आणि तार एकाची असावी, हा व्यवहार लंडनपासून मुंबईपर्यंत लोकांना पटलेला होता.

याच सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावर दुसरी हालचाल सुरू होती. घाटावर पडणारा पाऊस अडवायचा, तो नळांतून खाली खोपोलीला सोडायचा आणि त्याच्या जोरावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये गेले. त्यांच्यामागे १९०७ मध्ये सरकारी परवाना मिळाला, १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी स्थापन झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे वीजघर सुरू झाले. कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना ही वीज स्वस्त पडली. मग आंध्र खोरे आले आणि मुळशी आली.

मुळशीपाशी जरा थांबायला हवे. विजेचा दर काढताना धरणाचा, नळांचा, यंत्रांचा खर्च धरला जातो. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती, त्याचा हिशेब मात्र नुकसानभरपाईच्या चार आकड्यांत मिटवला गेला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह चालला. धरण झालेच आणि १९२७ मध्ये भिरा वीजघर सुरू झाले. मुंबईतली स्वस्त वीज कोणाच्या जमिनीवर उभी आहे हा प्रश्न तेव्हा विचारला गेला होता, एवढे तरी लक्षात ठेवू या.

आता गंमत अशी की घाटातली ही वीज मुंबईच्या घराघरांत गेली, पण टाटांच्या नावाने नाही. टाटा घाऊक व्यापारी. बेस्टने विसाच्या दशकात स्वतःची निर्मिती थांबवली आणि ती टाटांकडून वीज घेऊ लागली. उपनगरांसाठी १९२९ मध्ये 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय', म्हणजे बीएसईएस, स्थापन झाली. तीही टाटांचीच वीज घेऊन विकत असे. तिचे स्वतःचे डहाणूचे वीजकेंद्र थेट १९९५ च्या सुमारास उभे राहिले. म्हणजे गिरगावातल्या चाळीत आणि पार्ल्याच्या बंगल्यात पंखा फिरत होता तो एकाच विजेवर, फक्त बिलावरची नावे निरनिराळी. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, बेस्ट महापालिकेच्या मालकीची झाली. मुलुंड-भांडुपला राज्य वीज मंडळाची, म्हणजे आताच्या महावितरणची वीज. कोणाची वीज घ्यायची हे तुमच्या पत्त्याने ठरायचे.

ही घडी विस्कटली ती २००३ च्या वीज कायद्याने. एकाच भागात दोन परवानाधारक असू शकतात, असे या कायद्याने स्पष्ट म्हटले. ठरावीक शुल्क घेऊन दुसऱ्याच्या विजेला आपली तार वापरू देण्याची तरतूदही त्यात आली. त्याच वर्षी बीएसईएस रिलायन्स समूहाकडे गेली. आणि वाद पेटला. टाटांचे म्हणणे असे, की आमच्याकडे मुंबईसाठी परवाने आहेत, तेव्हा आम्ही किरकोळ ग्राहकालाही वीज देणार. रिलायन्सचे म्हणणे असे, की तुमचे परवाने घाऊक विक्रीचे, घरगुती ग्राहक आमचा. हे परवाने म्हणजे १९०७, १९१९, १९२१ आणि १९५३ सालचे चार कागद. खोपोलीचे वीजघर बांधले जाण्याच्या आधी इंग्रज सरकारने लिहून दिलेल्या कलमांचा अर्थ काय, यावर एकविसाव्या शतकात नामवंत वकील वर्षानुवर्षे भांडत होते. अपिली न्यायाधिकरणाने २००६ मध्ये टाटांच्या विरोधात निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये तो फिरवला. टाटांना लहान ग्राहकालाही वीज विकण्याचा अधिकार आहे, असे ठरले.

हक्क मिळाला, पण टाटांची तार उपनगरातल्या फार थोड्या इमारतींपर्यंत पोचलेली होती. त्यातच २००९ च्या जूनमध्ये रिलायन्सच्या दरवाढीला मंजुरी मिळाली आणि उपनगरात संताप उसळला. मोर्चे निघाले, जुलैत आयोगाने वाढीला स्थगिती दिली, चौकशी लागली. या वातावरणात १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वाट काढली. तार रिलायन्सचीच राहील, तिचे भाडे रिलायन्सला मिळेल आणि तिच्यातून येणारी वीज ग्राहक टाटांकडून विकत घेऊ शकेल. टाटांचे दर तेव्हा बरेच कमी होते. पुढच्या काही वर्षांत काही लाख ग्राहकांनी अर्ज भरले.

इथे अनेकांचा एक गोंधळ झाला, अजूनही होतो. कंपनी बदलली म्हणजे वेगळी वीज येते असे नाही. वीज पाण्यासारखी, सगळ्यांची एकाच तळ्यात पडते आणि एकाच नळाने येते. बदलतो तो हिशेब. पावसाळ्यात केबल जळून अंधार झाला, तर दुरुस्तीला ज्याची तार त्याचीच माणसे येतात. तेव्हा 'त्या कंपनीची वीज जात नाही' म्हणून कोणी कंपनी बदलली असेल, तर त्याने चुकीच्या कारणासाठी बदलली.

बरे, दर ताडून पाहायचे कसे? शेजाऱ्याचे बिल आणि आपले बिल शेजारी ठेवून काहीच कळत नाही. बिलात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, तारेच्या भाड्याचा वहन आकार असतो, इंधनाच्या किमतीप्रमाणे हलणारा समायोजन आकार असतो आणि या सगळ्यावर सरकारचे सोळा टक्के वीज शुल्क. शिवाय टप्पे आहेत. महिन्याला ४५० युनिट जळाली, तर पहिली शंभर एका दराने, पुढची दोनशे दुसऱ्या दराने आणि उरलेली दीडशे तिसऱ्या दराने. एक कंपनी खालच्या टप्प्यात स्वस्त आणि दुसरी वरच्या टप्प्यात स्वस्त असे होऊ शकते. ज्या घरात जानेवारीत २०० आणि मे महिन्यात ४५० युनिट जळतात, त्यांनी मे महिन्याचे बिल पाहून ठरवू नये. बारा बिले काढावीत, प्रत्येक महिन्याची युनिटे लिहावीत, दोन्ही कंपन्यांच्या दरपत्रकाने बाराही रकमा काढाव्यात आणि वर्षाची बेरीज करावी. कागद, पेन्सिल आणि एक संध्याकाळ पुरते. वहन आकार आणि इतर आकार विसरून नुसता वीज आकार ताडला, तर उत्तर हमखास चुकते. आणि आयोग दरपत्रक बदलतो तेव्हा हे गणित पुन्हा करावे लागते. एकदा स्वस्त ठरलेली कंपनी पुढेही स्वस्तच राहील, असे कोणी लिहून दिलेले नाही.

पण या गणितात एक माणूस दिसत नाही, तो म्हणजे जो कंपनी बदलत नाही तो. आपल्याकडे खालच्या टप्प्याचा दर खर्चापेक्षा कमी ठेवतात आणि तूट वरच्या टप्प्यांतून, दुकानांतून, कारखान्यांतून भरून काढतात. २००९ नंतर आधी कोण गेले? ज्यांची बिले मोठी ते. ते गेल्यावर मागे उरले कमी वीज वापरणारे, म्हणजे झोपडीतले, एका खोलीतले, आणि त्यांची तूट भरायला कोणी उरेना. म्हणून २०११ मध्ये आयोगाने बदलून गेलेल्यांवर 'क्रॉस सबसिडी' अधिभार लावला. पुढे जुन्या थकलेल्या वसुलीचा वेगळा आकारही आला. टाटा बडे ग्राहक तेवढे वेचून घेतात, अशी तक्रार रिलायन्सने केली होती. त्यावर ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने सांगितले, की काही काळ टाटांनी रिलायन्सच्या तारेवरून फक्त तीनशे युनिटांपर्यंतचेच घरगुती ग्राहक घ्यावेत आणि ठरवून दिलेल्या भागांत स्वतःची तार टाकावी. हे प्रकरणही अपिलात गेले.

मला आयोगाची चिंता रास्त वाटते. उपाय मात्र उशिरा आला. २००९ चे दरपत्रक पाहून ज्याने अर्ज भरला, त्याच्या बिलात दोन वर्षांनी न मोजलेला आकार उगवला. तो आधी सांगितला असता, तर काहींनी अर्ज भरलाही नसता. आणखी एक गोष्ट. टप्पे मीटर मोजतात, माणसे मोजत नाहीत. एका मीटरवर आठ माणसांचे कुटुंब राहत असेल, तर ते 'बडा ग्राहक' ठरते आणि एकटा राहणारा सुखवस्तू माणूस 'गरीब' ठरतो.

शहरातल्या लोकांना ही निवड जवळजवळ मिळालीच नाही. टाटांचा परवाना बेस्टच्या हद्दीतही चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये म्हटले. पण बेस्ट ही स्थानिक संस्थेची, तिच्यावर आपली तार दुसऱ्याला देण्याची सक्ती नाही. टाटांनी हवी तर स्वतःची टाकावी. दादर-गिरगावचे रस्ते पुन्हा खणून दुसरी केबल घालायची म्हणजे १९०५ सालचाच प्रश्न पुन्हा समोर आला.

उपनगरातली तार २०१८ मध्ये रिलायन्सकडून अदानी समूहाकडे गेली. तिथल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या मीटरच्या खोलीत डोकावलात, तर एकाच फळीवर दोन्ही कंपन्यांची मीटर शेजारी शेजारी दिसतील. तळमजल्यावरच्या घरात एकाची वीज, वरच्या मजल्यावर दुसऱ्याची. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप कोणत्या कंपनीवर ठेवायचा, हा विषय मग सोसायटीच्या सभेत येतो आणि तिथे कोणीतरी बारा महिन्यांची बिले पिशवीतून बाहेर काढतो.