पाव्हलोव्हा, आना
पाव्हलोव्हा, आना : (१२ फेब्रुवारी १८८१–२३ जानेवारी १९३१). जगप्रसिद्ध रशियन बॅले-नर्तकी. जन्म सेंट पीटर्झबर्ग येथे, गरीब कुटुंबात. आई कपडे धुण्याचे काम करी. बालपणी मारिन्स्की रंगमंदिरात द स्लीपिंग ब्यूटी हा बॅले पाहून तिने नर्तकी होण्याचा निश्चय केला. १८९१ मध्ये तिला तेथील शाही बॅले विद्यालयात प्रवेश मिळाला. १८९९ मध्ये शिक्षण पुरे करून ती मारिन्स्कीच्या नृत्यसंचात दाखल झाली.

त्या काळी इटालियन नर्तकींचे पिळदार शरीर व त्यांच्या चमत्कृतिपूर्ण गिरक्या यांचा रशियन रंगभूमीवर प्रभाव होता. पाव्हलोव्हा मात्र कृश व नाजूक बांध्याची होती. तळपायाची कमान फार उंच असल्याने चवड्यांवर तोल सावरणे तिला कठीण जाई. तिने नृत्याच्या जोड्यांचे तळ अधिक टणक करून घेतले. पाव्हेल गेर्ट, एन्रीको चेकेट्टी आदी गुरूंकडे कसून अभ्यास करून तिने तरलता आणि भावाभिव्यक्ती यांवर भर दिला. झीझेल या बॅलेतील भूमिकेने (१९०३) तिची कीर्ती झाली व १९०६ मध्ये ती प्रमुख नर्तकी बनली. मीखाइल फोकीनने सँ-साँसच्या संगीतावर रचलेले मरणोन्मुख हंसाचे छोटेसे एकल नृत्य तिच्या नावाशी कायमचे निगडित झाले.

१९०९ मध्ये डियागिलेव्हच्या संचाबरोबर ती पॅरिसला गेली. परंतु स्ट्रॅव्हिन्स्कीचे नवे संगीत तिला रुचले नाही व द फायरबर्डमधील भूमिका तिने नाकारली. १९१२ मध्ये तिने लंडनमध्ये घर घेतले व १९१३ मध्ये मारिन्स्की सोडले. त्यानंतर स्वतःचा संच घेऊन ती आयुष्यभर जगभर हिंडली. तिचे बरेचसे कार्यक्रम जुन्या वळणाचे व संगीतदृष्ट्या सामान्य होते, अशी टीका होते. परंतु राजाश्रयात वाढलेली ही कला तिने दूरदूरच्या सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचविली. १९१७ मध्ये पेरू देशातील लीमा येथे तिचे नृत्य पाहिलेला एक मुलगा पुढे फ्रेडरिक ॲश्टन हा थोर इंग्रज नृत्यरचनाकार झाला.

१९२२-२३ च्या आशियाई दौऱ्यात ती भारतात आली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून तिला स्फुरलेला अजंठा फ्रेस्कोज हा बॅले १९२३ मध्ये लंडन येथे सादर झाला. त्याच वर्षी चित्रकलेचे विद्यार्थी असलेल्या उदय शंकर यांच्याकडून तिने राधाकृष्णावरील व हिंदू विवाहावरील नृत्ये बसवून घेतली. ती राधा, तर उदय शंकर कृष्ण झाले. भारतीय नर्तकांनी बॅलेचे अनुकरण न करता आपल्या परंपरेकडे वळावे, असे तिचे मत होते. तिच्याच संचातील नर्तकीकडे बॅले शिकू लागलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना तिने हाच सल्ला दिला. रुक्मिणीदेवींनी पुढे भरतनाट्यम् आत्मसात करून १९३६ मध्ये मद्रास येथे कलाक्षेत्र ही संस्था स्थापन केली. देवदासींच्या नृत्याकडे सुशिक्षित समाज तुच्छतेने पाहत असताना एका परकीय कलावतीने केलेला हा गौरव मोलाचा ठरला.

दौऱ्यावर असतानाच फुप्फुसावरणाच्या विकाराने हेग (नेदर्लंड्स) येथे तिचे निधन झाले.